चांदीचे डोळे

डॉक्टर अनंतरावांनी खिडकीचं दुसरंही दार ओढून घेतलं, फटीत जुन्या धोतराचा बोळा कोंबला, आणि भर दुपारी तपासणीच्या खोलीत अंधार झाला. पुंजारामच्या मांडीवर बसलेली साळू दचकली. तिनं बापाच्या सदऱ्याची गुंडी मुठीत धरली आणि तोंडात घातली.

“कोणता डोळा म्हणालास?”

“उजवा, साहेब.” पुंजाराम म्हणाला. “उजवा पेटतो.”

“पेटतो म्हणजे?”

“इंगळावानी. आतून. लालभडक.”

त्याची बायको सरूबाई दाराशी भिंतीला टेकून उभी होती. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं, ते सोडून ती म्हणाली, “यांच्याबिगर कुणालाच दिसत नाय वो ते. तुमीच बघा, काळेभोर डोळं हायेत पोरीचे. उगं पोटात गोळा आणलाय यांनी आमच्या.”

“बघू या की,” डॉक्टर म्हणाले.

पोलीस ॲक्शन झाल्यावर अनंतराव हैदराबादचं सगळं आवरून गावी, औरंगाबादेत परतले होते आणि औरंगपुऱ्यात त्यांनी हा डोळ्यांचा दवाखाना मांडला होता. माणूस शांत. घाईत बोलणं नाही की कुणावर खेकसणं नाही. साळूच्या डोळ्यांत त्यांनी आल्या आल्याच कसलंसं औषध घातलं होतं आणि तिघांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. त्या औषधानं तिच्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या, की पुंजारामला आता तिच्याकडे बघवत नव्हतं.

पुंजाराम फर्दापूरचा. अजिंठ्याच्या लेण्यांत आरसा धरायचं काम करायचा. आता हे काय काम म्हणाल, तर आतली चित्रं सगळी अंधारात आणि ऊन सगळं बाहेर. मग लेण्याच्या उंबऱ्याशी बसायचं, मोठा आरसा गुडघ्यावर टेकवायचा, उन्हाचा पट्टा आत फेकायचा आणि आतल्या माणसानं ताणून धरलेल्या पांढऱ्या चादरीवर पाडायचा. चादरीवरून उजेड भिंतीवर पसरला, की अंधारातून एकेक चेहरा वर यायचा. ऊन सरकेल तसा आरसा सरकवायचा. या कामात पुंजारामचा हात धरणारा कुणी नव्हता. मोठमोठे साहेब लोक यायचे, चुकीच्या जागी उभे राहून डोळे ताणायचे, आणि मग हा उंबऱ्यावरून ओरडायचा, ‘तिथून नाय दिसायचं साहेब, हिकडं या, जरा वाका!’ चित्रातल्या राणीच्या गळ्यातले मोती कडेनं ऊन टाकल्यावर कसे चमकतात, ते तर तोच दाखवायचा. मोती चमकले की बघणाऱ्याच्या तोंडून ‘अहाहा’ निघायचं, आणि पुंजारामला वाटायचं, हे आपणच काढलेत.

होळी होऊन गेल्यावरची गोष्ट. सरू भाकरी घेऊन आली होती आणि साळू दुडूदुडू लेण्याच्या पार आत गेली होती. पुंजाराम आरशाच्या वरच्या कडेवरून आत बघत होता. आरसा जरासा हलला, पट्ट्याच्या कडेचं मंद ऊन पोरीच्या तोंडावरून ओझरतं गेलं, आणि अंधारात तिचे दोन्ही डोळे पेटले. रात्री चुलीमागं बसलेल्या मांजराचे पेटतात तसे. डावा पांढरा, शांत, राणीच्या मोत्यासारखा. आणि उजवा लाल. रक्तासारखा लाल.

त्यानं सरूला हाक मारली, शेजारी उभं केलं, पुन्हा ऊन फिरवलं. सरू म्हणाली, “मला तर काय दिसत नाय.” चादर धरणाऱ्या फकिराला बोलावलं. फकिरा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “पुंजा, ऊन लागलंय तुला. ताक पी.”

पण पुंजारामला त्यानंतरही दोनदा दिसलं. तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना. पोरीच्या डोळ्यात रक्त भरतंय, एक दिवस डोळा फुटणार, हेच त्याच्या डोक्यात. साळू नुसती डोळा चोळायला लागली तरी तो तिचा हात धरून ठेवायचा. कुणाला सांगावं तर कुणाला दिसत नव्हतं, आणि जे कुणालाच दिसत नाही त्याचा इलाज कुणापाशी मागायचा? डाव्या डोळ्याचं मात्र त्याला काहीच वाटलं नव्हतं. उलट तेवढाच जिवाला आधार होता. एक तर चांगला आहे ना, असं तो स्वतःला समजवायचा. शेवटी सरूशी भांडून, पोरीला खांद्यावर टाकून तो सकाळच्या मोटारीत बसला, तेव्हा सरू मुकाट मागून येऊन शेजारी बसली.

डॉक्टरांनी साळूच्या डोक्यामागं, जरा बाजूला, एक दिवा लावला. मग खिशातून पेढ्याएवढा गोल आरसा काढला. त्याच्या मधोमध बारीक भोक होतं.

आरसा बघितल्यावर एवढ्या भीतीतही पुंजाराम सावरून बसला. हा तर आपलाच धंदा, असं त्याच्या मनात आलं.

डॉक्टरांनी आरसा स्वतःच्या डोळ्याला लावला आणि भोकातून बघत तो किंचित कलता केला. उजेडाचा लहानसा ठिपका साळूच्या गालावरून सरकत उजव्या डोळ्यात जाऊन बसला. डॉक्टर पुढं वाकले, मागं झाले. मधे एक भिंग धरलं, ते बदललं, पुन्हा वाकले. साळूच्या छातीतली धडधड पुंजारामच्या हाताला लागत होती, की ती त्याचीच होती, ते त्याला कळेना.

“लाल आहे,” डॉक्टर म्हणाले.

पुंजारामनं डोळे मिटून घेतले.

“अरे, लालच असायला पाहिजे! हा डोळा ठणठणीत आहे.”

“आँ?”

“सगळ्यांचे डोळे आतून लालच असतात. तुझे, माझे, हिचे. आतल्या पडद्याला रक्त असतं, त्याच्यावरून उजेड परत फिरतो, म्हणून लाल. तुला दिसलं ते खरंच दिसलं. घाबरलास मात्र फुकट.”

“मंग आमाला का दिसत नाय?” सरूबाईनं दारातूनच विचारलं. तिचा आवाज चमत्कारिक झाला होता.

डॉक्टर तिच्याकडे वळले. “बाहुली काळी दिसते ना, ती आत अंधार असतो म्हणून नव्हे, माय. उजेड आत जातो, पण ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत फिरतो. दिव्याकडून आला तर दिव्याकडंच जातो. तू बाजूला उभी राहिलीस तर तुझ्यापर्यंत तो पोचतच नाही. बरं, त्याच्या वाटेवर जाऊन बघावं म्हणशील, तर तुझंच डोकं दिव्याला आडवं येतं. म्हणून तर या आरशाला हे भोक. उजेड आरशावरून आत जातो, आणि मी भोकातून, त्याच वाटेवरून बघतो. हा तुझा नवरा आरशाच्या कडेवरून बघत होता. दोन्ही एकाच वाटेवर. म्हणून त्याला दिसलं आणि तुला नाही.”

पुंजारामला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. पटक्याच्या शेवानं त्यानं डोळे पुसले, साळूचा मुका घेतला, पुन्हा पुसले. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून बाजूला टाकला होता. काय येडा आहे लेकाचा मी, फकिरा म्हणत होता तेच खरं, ताकच प्यायला पाहिजे होतं!

“ऐकलंस का गं? सगळ्यांचेच लाल असत्यात!”

सरूबाई हसली नाही. ती भिंतीला घसटत हळूहळू खाली बसली. तिला हलकं वाटलं असेल, म्हणून तो परत डॉक्टरांकडे वळला. मोटार गाठायची होती, पण आता त्याला बोलल्याशिवाय राहवेना.

“आन डावा तर त्याहून भारी, साहेब! लाल दिसतच नाय. चांदीवानी चमकतो. मोती जसा.”

डॉक्टर खिडकी उघडायला निघाले होते. त्यांचा हात धोतराच्या बोळ्यावरच थांबला.

“पांढरा?”

“व्हय. लई झाक दिसतो.”

“नेहमी?”

“जवा बघितला तवा.”

डॉक्टरांनी खिडकी उघडली नाही. ते परत आले, खुर्ची पुढं ओढून बसले, आणि साळूचं तोंड दोन्ही हातांनी दिव्यापासून जरासं वळवलं. ठिपका डाव्या डोळ्यात गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी एक भिंग घेतलं, दुसरं घेतलं. किल्ल्यांचा जुडगा वाजवून पोरीला वर बघायला लावलं, खाली बघायला लावलं. बाहेर रस्त्यावरून टांगा गेला, घोड्याच्या टापा दूर जाईपर्यंत ऐकू आल्या. पुंजारामच्या ओठांवर मघाचं हसू अजून होतं, पण त्याचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

“साहेब?”

डॉक्टरांनी हातानंच थांब म्हटलं.

सरूबाई बसल्या जागेवरून टक लावून बघत होती. पोरीकडे नाही, डॉक्टरांच्या तोंडाकडे.

बऱ्याच वेळानं त्यांनी आरसा खाली घेतला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा पुसला.

“पुंजाराम, नीट ऐक. डोळा बाहेरून चांगला दिसतो, पण आत गाठ आहे. पांढरी गाठ. उजेड आतल्या लाल पडद्यापर्यंत पोचतच नाही, गाठीवरूनच परत फिरतो. म्हणून पांढरं दिसतं.”

“डाव्यात?”

“डाव्यात.”

“आवशिद…”

“या गाठीला औषध नाही माझ्यापाशी. डोळा काढावा लागेल, आणि लवकर. ठेवला तर गाठ मागच्या शिरेनं मेंदूत जाईल, आणि मग पोर हाती लागणार नाही. आत्ता काढला तर वाचेल, असं मला वाटतं.”

पुंजारामला त्यातलं ‘हाती लागणार नाही’ एवढंच ऐकू आलं. त्यानं साळूला घट्ट धरलं, इतकं की ती कुरकुरली. इतके दिवस तो चुकीच्या डोळ्याला भीत होता. ज्या डोळ्याकडं बघून धीर धरला, तोच पोरीच्या जिवावर उठला होता. आणि ते तो झाक दिसतंय म्हणून सांगत होता!

“आन उजवा?” सरूबाईनं विचारलं.

“आज स्वच्छ आहे. पण खोटं सांगणार नाही, माय. काही लेकरांना ही गाठ दुसऱ्याही डोळ्यात होते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मला दाखवायचं.”

“म्हंजे त्यो बी पांढरा हुईल?”

“होईलच असं नाही. होऊ शकतो.”

सरूबाई उठली. तिनं येऊन पोरीला पुंजारामच्या मांडीवरून उचललं आणि पदराखाली घेतलं.

“नाय. मी डोळा काढू देणार नाय.”

“सरू…”

“तुमी बोलू नका. रोज काजळ घालते मी या डोळ्यात. रोज बघते. काय वंगाळ हाय त्याच्यात? लाल त्ये चांगलं आन पांढरं त्ये वंगाळ, असं कुठं असतं का, साहेब? तुमचा आरसा उलटं दावत असंल. पुन्यांदा बघा. लाल असंल त्यो आजारी असंल, पांढरा नाय. पांढरा कसा असंल?” तिचा आवाज चढत चढत फाटला. “पांढरा कसा असंल वो?”

दुसरा कुणी डॉक्टर तिच्यावर डाफरला असता. अनंतराव टेबलापाशी गेले, खणातून हातात धरायची बॅटरी काढली, ती लावून दाखवली, विझवली आणि तिच्यापुढं धरली.

“आरसा राहू दे. आरशातून बघायला सवय लागते. ही घे आणि तूच बघ. तुझी खात्री झाल्याशिवाय मी पोरीला हात लावणार नाही.”

पुंजारामनं साळूला परत मांडीवर घेतलं. सरूबाईनं बॅटरी हातात घेतली. डॉक्टरांनी मोठा दिवा मालवला आणि खोलीत काहीच दिसेनासं झालं.

आता इथं पुंजाराम बोलायला तयारच होता. सवयच तशी. हातात दिवा आला की माणूस तो लांब धरतो, डोक्याच्या वर धरतो, ज्याच्यावर उजेड पाडायचा त्याच्या जवळ नेतो. आणि आपण बाजूला होऊन बघतो. त्यानं किती माणसं बघितली होती, एकाही माणसाला पहिल्या झटक्यात जागा सापडली नव्हती. ‘अगं तशी नाय, डोळ्यापाशी धर, मान जरा…’ एवढे शब्द त्याच्या ओठांवर आलेले होते.

बॅटरी लागली. सरूबाईनं ती सरळ आपल्या उजव्या गालाशी नेली, डोळ्याच्या खाली हाडाला चिकटवली, मान किंचित कलती केली आणि पोरीकडे बघितलं.

शब्द पुंजारामच्या तोंडातच राहिले.

कुणी सांगितलं नव्हतं तिला. डॉक्टरांनी आरशाचं सांगितलं होतं, भोकाचं सांगितलं होतं. बॅटरी गालाशी लावून मान कुठं कलती करायची, ते कुणीच सांगितलं नव्हतं. चाचपडणं नाही, पुढंमागं होणं नाही. आपल्या घरातल्या दिवळीत हात घालावा तशी ती त्या जागेवर गेली होती. ही या जागेवर पहिल्यांदा उभी राहत नाही, हे त्याला कळलं.

सरूबाईनं आधी उजवा डोळा बघितला, मग डावा. मग पुन्हा उजवा. ती दचकली नाही, तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

“कवापासून?” पुंजारामनं विचारलं.

तिची नजर साळूच्या डोळ्यावरून हलेना.

“सरू, कवापासून?”

“संक्रातीपासून.” तिनं बॅटरी खाली घेतली. उजेड फरशीवर पडला. “पोर झोळीत व्हती. मी दिवेलागणीला कंदील घिऊन वाकले. जाग आली का बघावं म्हणून कंदील असा गालापाशी आणला, आन…” तिनं पदर सावरला. “बोलले असते तर खरं झालं असतं. म्हणून बोलले नाय. तुमी लेण्यापाशी हाक मारली ना, तवा म्हणलं, माझ्याच जिवाला लागलेलं येड असंल तर बरं. आता तुमाला बी दिसलं म्हंजे खरंच हाय. म्हणून म्हणलं, मला नाय दिसत.”

पुंजाराम तिच्याशी भांडला असता. महिनाभर तिनं त्याला वेडा ठरवलं होतं, सगळ्या गावासमोर. पण त्या अंधारात त्याला दिसलं ते एवढंच, की ही संक्रातीपासून एकटीच हे पोटात घेऊन फिरत होती, आणि वर आपल्याला जेवायला वाढत होती. त्याला तिची कीव आली, आणि मग राग कुठं धरावा तेच कळेना.

सरूबाईचे हात पदराच्या गाठीशी चालले होते. गाठ घट्ट होती, तिनं दातानं सोडली. आतून कागदाची पुडी निघाली. पुडीत चांदीच्या पातळ पत्र्याचे दोन डोळे होते, नवसाला वाहतात तसे. बॅटरीच्या उजेडात ते चमकले.

“सातकुंडावर गेले व्हते,” ती म्हणाली. आता ती डॉक्टरांशी बोलत होती की पुंजारामशी, ते सांगता येत नव्हतं. “पाण्यातल्या साती आसरांना नवस बोलले. म्हणलं, माझ्या पोरीचा एक डोळा चांदीवानी दिलाय, दुसऱ्यात इंगळ कशाला घातला? त्यो इंगळ इझू दे. लाल डोळा बी पांढरा हू दे. दोन्ही सारखं हू दे. झालं की चांदीचे डोळे वाहीन.”

डॉक्टरांनी टेबलावरचा आरसा उगाचच उचलला आणि पालथा ठेवला.

“बोललेलं मागं घेता येतं का वो?” सरूबाईनं विचारलं.

पुंजारामनं साळूला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

“त्यांनी ऐकलं असंल का?”

“असं नसतं, माय,” डॉक्टर म्हणाले. “गाठ नवसानं येत नाही.”

सरूबाईनं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, कुणास ठाऊक. तिनं चांदीचे डोळे पुडीत बांधले, पुडी पदरात बांधली, गाठ ओढून घट्ट केली. मग साळूच्या डाव्या डोळ्यातलं काजळ तिनं पदरानं पुसलं. हळूहळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पोर तोंड फिरवत होती तरी तिची हनुवटी धरून, अगदी स्वच्छ पुसून काढलं.

“डावा घ्या, साहेब,” ती म्हणाली. “आजच घ्या.”

आज काही जमणार नव्हतं, पण डॉक्टरांनी तिथंच दोघांना थांबवून घेतलं, आणि चारच दिवसांत त्यांनी मोठ्या दवाखान्यात साळूचा डावा डोळा काढला. पोर ताप काढून उठली, दूधभात मागायला लागली. निघताना डॉक्टरांनी पुंजारामला बाजूला घेतलं.

“उन्हाचा आरसा पोरीवर धरू नकोस, डोळा जळेल. संध्याकाळी कंदील गालाशी धरून बघत जा. मात्र पोर सरळ तुझ्याकडं बघत असताना बघ. तिरकी बघत असली की आतल्या शिरेचं तोंड समोर येतं, ते फिकटच असतं. तेवढ्यानं घाबरून जाऊ नकोस.”

“बरं, साहेब.”

“आणि रोज बघायची काही गरज नाही.”

रोज बघायची गरज नव्हती, पण फर्दापूरच्या त्या घरात रोजच बघितलं जाऊ लागलं. दिवेलागण झाली की सरूबाई कंदील पुसून, वात सारखी करून पुंजारामच्या हातात द्यायची आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसायची. तिनं त्या दिवसानंतर पोरीच्या डोळ्यात एकदाही बघितलं नाही. काजळसुद्धा शेजारची साळुंकीण घालायची. चुलीत लाकडं रचून ठेवलेली असायची, पण पुंजाराम बोलल्याशिवाय काडी ओढली जायची नाही.

एकदा ती सातकुंडावर जाऊनही आली. पुडी सोडली, पाण्यापाशी उभी राहिली, आणि तशीच परत आली. वाहावेत तर नवस पावला असं होईल. न वाहावेत तर आसरा कोपतील. चांदीचे डोळे पुन्हा तिच्या पदरात आले आणि तिथंच राहिले. निजताना ती गाठ तिच्या बरगडीला रुतायची, तरी तिनं ती कधी सोडून ठेवली नाही.

आषाढातली एक संध्याकाळ. दिवसभर आभाळ भरलेलं होतं आणि घरात लवकरच अंधारलं होतं. पुंजाराम साळूसमोर बसला, कंदील गालाशी धरला. पोर आता या खेळाला कंटाळली होती. कोपऱ्यात मांजर पिलाला चाटत होतं, तिकडं तिचं सगळं लक्ष.

“साळे, हिकडं बघ.”

ती वळली, पण पुरती नाही.

आणि पुंजारामला पांढरं दिसलं.

पांढरं नव्हे, फिकट. की पांढरंच? त्यानं कंदील गालाशी आणखी दाबून धरला. तिरकी बघतेय, शिरेचं तोंड असंल, साहेब म्हणालेच होते, असं तो मनाशी घोकत होता, पण जीव ऐकायला तयार नव्हता.

“काय हाय?” भिंतीकडून सरूबाईनं विचारलं.

त्यानं वात थोडी वर केली.

“अवो, काय हाय?”

“थांब की जरा.” त्यानं जिभेनं टकटक आवाज केला, बैलाला करतात तसा. “साळे. ए माय. माझ्याकडं बघ की गं. माझ्याकडं.”

सरूबाई वळली नाही. तिनं पदराची गाठ दोन्ही मुठींत धरली होती आणि तिचं कपाळ भिंतीला लागलं होतं.

मांजर उठून गेलं. साळूनं मान फिरवली, आपल्या एका डोळ्यानं सरळ बापाकडं बघितलं आणि त्याच्या गालाशी दिवा बघून खुदकन हसली.

“लाल,” पुंजाराम म्हणाला.

“नीट बघा.”

“लाल हाय.”

“पुन्यांदा बघा.”

त्यानं पुन्हा बघितलं. “लाल हाय, सरू. इंगळावानी लाल.”

मग सरूबाईनं गाठीवरच्या मुठी सोडल्या, आणि तिनं काडी ओढल्याचा आवाज आला.